वाड्यातल्या अभ्यासिकेचं वायफाय: सॉफ्टवेअरमध्ये सगळं हिरवं, कोठीघरात रेंजच नाही

पेठेतला_तारवाला:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतो. एका कामात अडकलोय, जाणकारांनी वेळ काढून वाचावं ही विनंती.

शिवाजी पेठेत एक जुना वाडा आहे. मालकांनी तिथं स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढलीय, ८० मुलं बसतात. खाली सोपा, त्यामागं माजघर, त्याच्याही मागं जुनं कोठीघर. वर माडी, लाकडी तक्तपोशीची. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यातल्या, अडीच फुटी.

आजवर मी एपी, म्हणजे वायफायचे ॲक्सेस पॉइंट, अंदाजानंच लावत आलो. या वेळी ठरवलं, आधी सॉफ्टवेअरमध्ये प्लॅन करायचा आणि मगच हात घालायचा. एका प्लॅनिंग सॉफ्टवेअरची ट्रायल घेतली. आर्किटेक्टचा नकाशा टाकला, स्केल लावलं, भिंती काढल्या. भिंतींच्या यादीत दगड नव्हता, म्हणून काँक्रीट निवडलं, १२ डीबीचं, म्हणजे सिग्नल १२ डेसिबलनं कमी करणारं. सोप्यात एक आणि माडीवर एक, असे २ एपी ठेवले. हीटमॅप, म्हणजे रेंजचा रंगीत नकाशा, सगळा हिरवा झाला. कोठीघरातसुद्धा उणे ६९ डीबीएम दाखवत होता (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). मालकांना रंगीत प्रिंट दिला, त्यावर त्यांनी कामाला होकार दिला.

लावून झाल्यावर कोठीघरात गेलो तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क उणे ८४ च्या आसपास. फोन जोडला जातो, पण पान उघडत नाही. २.४ गिगाहर्ट्झचं येतं, पण तिथं शेजारपाजारच्या नेटवर्कची नुसती गर्दी. त्या खोलीत २२ मुलं बसून ऑनलाइन टेस्ट देतात. परवा एका मुलीची टेस्ट अर्ध्यात तुटली, तिचा चेहरा बघून मला रात्री झोप लागली नाही.

दुरुस्ती माझ्या खर्चानं करणार आहे. पण चूक नेमकी कुठं झाली ते कळल्याशिवाय पुन्हा काही लावायचं नाही.

उद्यमनगरी:
भावा, माजघरात एक रिपीटर टाक, विषय संपला. आमच्या ऑफिसात तसंच केलंय.

कागलची_लेक:
उद्यमनगरी, ऑफिसात ४ माणसं असतील तर चालून जातं. इथं २२ मुलं एकाच वेळी टेस्ट देणार. साधा रिपीटर जे ऐकतो तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्टीला हवेतला वेळ दुप्पट लागतो. परीक्षेच्या खोलीत तो नको.

तारवाला दादा, मी पुण्यात इमारतींच्या आतल्या वायरलेस कव्हरेजचं प्लॅनिंग करते. आधी एवढं सांगा: सोप्यातल्या एपीची पॉवर किती ठेवलीय, अँटेनाचा गेन, म्हणजे ती सिग्नल किती एकवटते ते, किती? एपीपासून कोठीघराच्या मध्यापर्यंत अंतर किती? मधल्या भिंतींना दारं कुठं आहेत आणि ती उघडी असतात का? आणि नकाशाचं स्केल कशावरून लावलंत?

पेठेतला_तारवाला:
ताई, पॉवर १७ डीबीएम, अँटेना ३ डीबीआय. अंतर ८ मीटर, मधे दोन दगडी भिंती. दोन्ही भिंतींना दारं आहेत, पण एका रेषेत नाहीत. सागवानी, दिवसा उघडीच असतात. स्केल दाराच्या रुंदीवरून लावलं.

कागलची_लेक:
तुमचेच आकडे घेऊन कागदावर करू. सॉफ्टवेअर आत जे करतं त्याचा गाभा एवढाच आहे.

१७ अधिक ३, म्हणजे २० डीबीएम हवेत सुटले. ५.२ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत पहिल्या मीटरमध्येच सुमारे ४७ डीबी जातात, पुढं अंतर दुप्पट झालं की आणखी ६. एकाचे २, २ चे ४, ४ चे ८ मीटर, म्हणजे तीनदा दुप्पट, १८ डीबी. एकूण ६५. वीसातून ६५ गेले, उरले उणे ४५. भिंती नसत्या तर कोठीघरात उणे ४५ मिळाले असते, म्हणजे उत्तम.

आता भिंती. तुम्ही १२ च्या दोन सांगितल्या, २४ गेले, उणे ६९. हाच तुमच्या प्रिंटवरचा आकडा. सॉफ्टवेअरनं गणित बरोबर केलंय. त्याला भिंत खोटी सांगितली गेली.

प्रत्येक ३ डीबीला शक्ती निम्मी होते आणि १० डीबीला एक दशांश. १२ डीबीची भिंत १६ भागांतला एक भाग पलीकडे सोडते. तीच भिंत २४ डीबीची निघाली तर २५० भागांतला एक. तशा दोन असल्या तर ६३ हजारांतला एक. म्हणून भिंतीच्या आकड्यात झालेली चूक थोडी वाटते पण थोडी राहत नाही, प्रत्येक भिंतीला ती पुन्हा मोजली जाते.

या सॉफ्टवेअरांच्या याद्यांमध्ये जिप्समचं पार्टिशन ३ डीबी, काच, वीट, काँक्रीट असं असतं. ती ऑफिसांच्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून केलेली यादी आहे. आपला अडीच फुटी काळा दगड तिच्यात कुठून सापडणार? भिंत मोजायला लागते, आणि मोजणं अवघड नाही.

एपी एका स्टँडवर ठेवा, भिंतीपासून ३-४ मीटर, दारापासून जमेल तितका लांब. चॅनेल आणि पॉवर हातानं पक्की करा, ऑटोवर ठेवू नका. भिंतीच्या अलीकडे उभं राहून वाचन घ्या, मग भिंतीच्या पलीकडे त्याच रेषेत. एका जागी एकच वाचन घेऊ नका. ५ गिगाहर्ट्झची लहर ६ सेंटिमीटरपेक्षा लहान असते, हात इंचभर सरकला तरी परावर्तनांमुळं आकडा ५-१० नं हलतो. अर्धा-पाऊण मीटर सावकाश फिरत १५-२० वाचनं घ्या आणि सरासरी काढा. दोन्ही सरासरींतला फरक म्हणजे तुमची भिंत. भिंतीच्या जाडीमुळं वाढलेल्या अंतराचे डीबीभर वजा करा. शेवटपर्यंत एकच फोन किंवा एकच लॅपटॉप वापरा, दोन फोनांत सहज ५ डीबीचा फरक पडतो.

आणि स्केल दारावरून लावू नका. दार पाऊण-एक मीटरचं, त्यात माउस जरा चुकला की अख्खा वाडा १० टक्क्यांनी लहानमोठा होतो. वाड्याची सगळ्यात लांब बाजू टेपनं मोजा आणि ती द्या.

निवृत्त_मास्तर:
ताईंनी मांडलेलं गणित नेमकं आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, म्हणून थोडी पार्श्वभूमी जोडतो.

एपी आणि फोन यांच्यात सरळ रेघ ओढायची, रेघेत येणाऱ्या प्रत्येक भिंतीचा आणि मजल्याचा तोटा मोजायचा, ही पद्धत कीनन आणि मॉटली यांनी १९९० मध्ये मांडली. पुढं युरोपातल्या कॉस्ट २३१ प्रकल्पात ती सुधारली गेली. त्यातला एक भाग मला फार आवडतो. तिथं लक्षात आलं की मजले वाढत जातात तसा तोटा सरळ बेरजेनं वाढत नाही, पुढचा प्रत्येक मजला आधीच्यापेक्षा कमी खातो. कारण सिग्नल हट्टानं सरळच येत नाही. जिन्यातून, खिडकीतून, समोरच्या इमारतीवर आपटून तो आत शिरतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पी.१२३८ ही शिफारस वेगळ्या वाटेनं जाते, एकेक भिंत न मोजता इमारतीच्या प्रकारावरून अंतराचा गुणांक धरते. घराला वेगळा, ऑफिसला वेगळा. दुकानाला त्याहून कमी, तिथं मोकळी जागा जास्त.

तिसरा प्रकार किरणमागोव्याचा, म्हणजे रे ट्रेसिंगचा. एपीतून असंख्य किरण सोडून प्रत्येक परावर्तन, प्रत्येक कडेवरचं वळण हिशोबात धरायचं. उत्तर चांगलं येतं, पण नकाशा तितकाच बारीक आणि भिंतींचे गुणधर्म तितकेच खरे लागतात.

आता वाड्याकडे या. दगडी भिंत इतकी जाड असेल तर भिंतीतून जाणारा सिग्नल नगण्य होतो आणि जोरदार वाट दारातूनच उरते. सरळ रेघेचं सॉफ्टवेअर ती वाट बघतच नाही. तारवाला, तुम्ही भिंत मोजून पुन्हा प्लॅन चालवाल तेव्हा सॉफ्टवेअरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा वाईट येईल असा माझा अंदाज आहे. आला तर गोंधळू नका.

शिरोलीकर:
आमचा अनुभव सांगतो, विषय तोच आहे. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या स्टोअरचं काम बघतो. हॅन्डहेल्ड स्कॅनरसाठी वायफाय करून घेतलं. प्लॅन करणाऱ्यानं रिकाम्या शेडचा नकाशा घेतला, ९ मीटरवर छताच्या ट्रसला ४ एपी, चारही बाजूंना सिग्नल टाकणारे. उद्घाटनाला सगळं झकास चाललं, तेव्हा रॅक रिकामे होते. महिन्याभरात कास्टिंगनं रॅक भरले आणि मधल्या गल्ल्यांत स्कॅनर मुके झाले. बिडाचा भरलेला रॅक म्हणजे लोखंडी भिंतच की.

सगळे म्हणत होते, भट्टीमुळं वायफाय जातंय. आमची इंडक्शन भट्टी काहीशे हर्ट्झवर चालते, वायफाय अब्जावधी हर्ट्झवर. भट्टी बंद असलेल्या रविवारी मोजलं तरी आकडे तेच. शेवटी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, गल्लीत बघणारी दिशादर्शक अँटेना लावली, ४ मीटरवर. सर्व्हे भरल्या रॅकनं केला. तेव्हापासून एकही तक्रार नाही.

कागलची_लेक:
शिरोलीकर, हे प्रत्येक गोदामवाल्यानं वाचायला हवं. अभ्यासिकेलाही लागू आहे. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, समोर एक माणूस उभा राहिला तरी ३ ते ५ डीबी जातात. तारवाला दादा, सर्व्हे संध्याकाळी खोली भरलेली असताना एकदा कराच.

मार्केटयार्डवाला:
मी शाहू मार्केट यार्डात असतो. आमच्या ओळखीतल्या एका कोल्ड स्टोरेजला गुळाच्या खोल्यांत तापमानाचे वायरलेस सेन्सर लावायचेत. बाहेर एक एपी पुरेल का? भिंती तर चार-पाच इंचीच आहेत.

कागलची_लेक:
नाही पुरणार. कोल्ड स्टोरेजच्या भिंती पफ पॅनलच्या, त्याला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. मधला फोम काही अडवत नाही, पत्रा सगळं परत फेकतो. जाडीवर जाऊ नका, वस्तू कशाची आहे ते बघा. दार लावलं की ती खोली म्हणजे बंद डबा. प्रत्येक खोलीत आतच अँटेना हवी, केबल पॅनलच्या सील केलेल्या भोकातून. मोजणी दार बंद ठेवून करा आणि हंगामात, गुळाचे रवे रचलेले असताना.

राधानगरीचा_पोरगा:
मी अशाच एका अभ्यासिकेत बसतो, म्हणून धागा वाचत होतो. इंजिनिअरिंग झालंय, हे शिकायची इच्छा आहे. महागडी सॉफ्टवेअर घेणं शक्य नाही. सुरुवात कशानं करू? फोनवरचं ॲप घेतलं, पण चालत गेलो तरी आकडा बराच वेळ तोच राहतो.

कागलची_लेक:
आकडा अडकतो तो अँड्रॉइडमुळं. अँड्रॉइड ९ पासून ॲपला २ मिनिटांत ४ वेळाच स्कॅन करू देतात. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करायची सोय आहे, ती बंद कर. आयफोनवर बाहेरच्या ॲपना असं स्कॅन मिळतच नाही, जुना अँड्रॉइड शोध.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर धंद्यात इकाहाऊ आणि हमिना, दोन्ही मूळ फिनलंडची, खूप चालतात. टॅमोग्राफ, नेटस्पॉट लहान कामांना वापरतात. मोठ्या इमारतींत मोबाइलचं नेटवर्क आत न्यायचं असेल तर मॉन्ट्रियलचं आयबीवेव्ह. पण शिकायला यातलं काहीच लागत नाही. चौकटीची वही घे, एका चौकटीला एक मीटर धर, स्वतःच्या घराचा नकाशा काढ. वर मी जे गणित केलं ते प्रत्येक खोलीसाठी कर, मग फोन घेऊन फिर आणि शेजारी खरा आकडा लिही. दोन्ही आकडे जुळत नाहीत तिथं थांब आणि कारण शोध. मी अशीच शिकले, आमच्या कागलच्या घरात. बाबांच्या लोखंडी कपाटामागं १५ डीबी गायब होतात हे मला कुठल्याही कोर्सनं सांगितलं नसतं.

उद्यमनगरी:
मोबाइलचं निघालंच म्हणून विचारतो. आमच्या बेसमेंटला कॉल लागत नाहीत. ऑनलाइन बूस्टर मिळतो, तो लावू का?

कागलची_लेक:
लावू नका. परवान्याशिवाय मोबाइलचा रिपीटर बसवणं बेकायदेशीर आहे, आणि तो आसपासच्या टॉवरला गोंगाट करून सगळ्या गल्लीचं नेटवर्क बिघडवतो. कंपनीला लेखी कळवा. नाहीतर बेसमेंटमध्ये वायफाय चांगलं करा आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा.

पेठेतला_तारवाला:
मोजून आलो. मालकांच्या परवानगीनं पहाटे ६ ला गेलो, मुलं यायच्या आत.

पहिली भिंत: अलीकडची सरासरी उणे ३८, पलीकडची उणे ६३. जाडीचा एक वजा केला, २४ डीबी. दुसरी भिंतही २४ च आली, मी दोनदा मोजली. माडीची तक्तपोशी फक्त ६. स्केलही तपासलं, नकाशा ७ टक्के लहान होता.

सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची नवी भिंत तयार केली, नाव दिलं 'वाडा दगड', २४ डीबी. पुन्हा चालवलं. कोठीघर राखाडी झालं, उणे ९३. प्रत्यक्षात उणे ८४ येतंय. मास्तर, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं! दारं लावून मोजलं तर उणे ९० पर्यंत उतरलं, लॅपटॉप तुटायलाच लागला. म्हणजे जे काही येत होतं ते दारातूनच येत होतं.

त्या १२ वर बोट ठेवताना मी अर्धा मिनिटही विचार केला नव्हता.

निवृत्त_मास्तर:
दारं लावून मोजलंत हे फार चांगलं केलंत. यापुढं प्रत्येक जुन्या वाड्यात तुमच्याकडे स्वतःचा मोजलेला आकडा असेल. तो वहीत लिहून ठेवा, दगडाचा प्रकार, जाडी आणि चुना की माती यांसकट.

कागलची_लेक:
आता या भिंतींशी भांडू नका. त्यांचा फायदा घ्या. ऑफिसात एका एपीचा आवाज दुसऱ्याच्या हद्दीत जातो, तेच चॅनेल पुन्हा वापरताना जीव जातो. तुमच्या प्रत्येक खोलीला २४ डीबीची तटबंदी आयती मिळालीय. प्रत्येक खोलीत एक एपी, केबलनं जोडलेला, कमी पॉवरवर. सोपा, माजघर, कोठीघर, माडी, असे चार.

पॉवर कमी का, ते सांगते, कारण इथं बरेच जण फसतात. हीटमॅप फक्त एपीचा आवाज फोनपर्यंत कसा पोहोचतो ते दाखवतो. फोन साधारण १२ ते १५ डीबीएमवर बोलतो. एपी २३ वर ओरडला तर फोनला पूर्ण रेंज दिसते, पण फोनचं उत्तर एपीला ऐकूच येत नाही. एपी ११-१२ वर ठेवा, दोन्ही बाजू सारख्या होतात.

चॅनेल २० मेगाहर्ट्झ रुंदीचेच ठेवा, क्रमांक ३६, ४४, १४९ आणि १५७. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ च्या अधिसूचनेनं बराच खुला झालाय, त्यामुळं चारही खोल्यांना वेगळा चॅनेल सहज मिळतो. २.४ ला मात्र १, ६, ११ हे तीनच एकमेकांना न छेदणारे, आणि पेठेत ते आधीच भरलेले. सोपा आणि माडीत २.४ चालू ठेवा, बाकी दोन खोल्यांत बंद करा. प्लॅन करताना लक्ष्य नुसत्या कव्हरेजचं धरू नका. टेस्टसाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगलं, आणि गोंगाटापेक्षा २५ डीबी वर.

वाड्यातली_सून:
मी शिवाजी पेठेतल्याच एका वाड्यात राहते. एक कळकळीची विनंती, केबलसाठी त्या दगडी भिंतींना भोकं पाडू नका. आमच्याकडे एसीच्या पाइपसाठी एकानं ड्रिल मारलं, आतला भराव सुटला आणि पावसाळ्यात ओल धरली ती आजपर्यंत हटली नाही. जुन्या वाड्यात दाराच्या चौकटीच्या वर लाकडी पाटाई आणि भिंत यांत फट असते, नाहीतर झरोका असतो. आम्ही टीव्हीची वायर तिथूनच नेलीय. तुळईच्या कडेनं नेली तर दिसतही नाही.

पेठेतला_तारवाला:
वहिनी, तुमचे आभार मानावे तितके थोडे. मी खरंच २० मिमीचा ड्रिल बिट आणून ठेवला होता, तो परत केला. कोठीघराला वर झरोका आहे, माजघराच्या चौकटीवर फट आहे. सगळी केबल तुळयांच्या कडेनं गेली, दगडाला एक ओरखडा नाही. मालकांच्या आईंनी येऊन स्वतः बघितलं.

पेठेतला_तारवाला:
आठ दिवसांनी लिहितोय, कारण भरल्या खोलीत मोजल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

४ एपी लागले, सगळे ११ डीबीएमवर, माडीच्या जिन्याखाली पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच एपींना वीज देणारा. आधी प्लॅन, मग एपी तात्पुरता स्टँडवर ठेवून मोजणी, मग पक्कं. काल संध्याकाळी ७ ला सगळी मुलं बसलेली असताना फिरलो. कोठीघराच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात उणे ५८. सॉफ्टवेअर उणे ५४ म्हणत होतं, मधले ४ मुलांच्या अंगात गेले असावेत. माजघरातला एपी कोठीघरात उणे ८० च्या खाली, म्हणजे ताई म्हणाल्या तशी तटबंदी पक्की. माडी आणि सोपा एकमेकांना ऐकतात, पण चॅनेल वेगळे असल्यानं त्रास नाही.

मालकांना दोन्ही प्रिंट दिले, जुना हिरवा आणि नवा, आणि जुन्यावर कुठं चुकलो ते पेननं लिहून दिलं. जादा लागलेल्या दोन एपींचे पैसे मी नको म्हणालो, त्यांनी केबलचे तरी घेच म्हणून दिले. ज्या मुलीची टेस्ट तुटली होती ती काल त्याच बाकावर बसली होती. पूर्ण २ तासांची टेस्ट दिली. बाहेर पडताना तिनं मला ओळखलं नाही, मीही काही बोललो नाही.

राधानगरीचा_पोरगा, तुझी वही घेऊन रविवारी सकाळी ये. मंगळवार पेठेत आणखी एका वाड्याचं काम आलंय, भिंती मातीतल्या आहेत. दोघं मिळून मोजू.